अडतीस मीटर मागे

शहाण्णव सालच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात जळगावात ऊन इतकं होतं, की कावळे उडायचं सोडून सावली-सावलीनं पायी चालत होते. खोटं वाटतं? आमच्या बर्फाच्या कारखान्याच्या दारात एक कावळा धापा टाकत बसलेला मी स्वतः पाहिला. त्याच्या मागोमाग आला तो यादव.

यादव हे त्याचं नाव हं, आडनाव नाही. साक्रीकडचा. खांद्यावर पुरुषभर उंचीचं लोखंडी गिरमिट, नाकाचं सालपट निघालेलं, आणि डोळे... जाऊ द्या, डोळ्यांचं नंतर सांगते.

"एक लादी पाहिजे," तो म्हणाला.

"रसात टाकायला?"

"भोक पाडायला."

मी दारात बसून गिऱ्हाइकांना लाद्या द्यायची. म्हटलं, "भोक पाडायला जळगावपर्यंत आलात? साक्रीत डोकी कमी पडली का?"

"डोकी आहेत. पण गरम आहेत, गिरमिट आत जात नाही."

मला उलटं बोलणारा माणूस तोवर भेटला नव्हता. मी सगळ्यात पांढरी, सगळ्यात घट्ट लादी काढायला लावली.

तो दर उन्हाळ्यात सर्वेवाल्यांबरोबर हिमाचलात जायचा. डोंगरात बर्फाची नदी असते, तिच्यात गिरमिटानं खोल भोकं पाडायची, त्यात साक्रीच्या जंगलातले बांबू उभे करायचे. बर्फ वितळला की बांबू उघडा पडतो, तेवढा मोजायचा. गिरमिट नवीन होतं, जळगावच्या लोहारानं केलेलं. नेण्याआधी तपासून बघायचं होतं.

"एकट्यानं फिरत नाही," तो म्हणाला.

मग दुसरीकडून मी धरलं. गरगर फिरवलं तसा बर्फाचा भुगा उडाला आणि माझ्या मनगटावर येऊन बसला. मी पुसला नाही. तो वितळेपर्यंत यादव त्याच्याकडेच बघत होता... हां, तेच ते डोळे.

गिरमिट एकदाच तपासायचं होतं. तो चार दिवस तपासत राहिला.

माझे वडील, पितांबर आबा, कारखान्याचे मिस्त्री; आमचं घरही कारखान्याच्या आवारातच. मूळचे धुळ्याकडचे, बोलणं अजून तिकडचंच. त्यांनी एकदा यादवला विचारलं, "काय रे, तुना डोंगरवरना बर्फ कमी का होस?"

यादवनं आमच्याच टाकीकडे बोट दाखवलं. मोठ्या टाकीत गार केलेलं मिठाचं पाणी, त्यात गोड्या पाण्याचे डबे बुडवायचे, तशी लादी जमते. "आबा, हे मिठाचं पाणी तापलं तर?"

"लादी पोकळ निघस."

"समुद्र म्हणजे तीच टाकी. फार मोठी. तिथून वारं निघतं, ढग घेऊन डोंगरावर जातं. समुद्र तापायला लागला तर वारंही उबदार. जिथं बर्फ पडायचा तिथं पाऊस पडतो. आणि पाऊस पडला की आधीचा बर्फही धुऊन जातो. सगळं अजून कुणाला कळलेलं नाही... पण आमच्या साहेबांना तसंच वाटतं."

आबांनी टाकीच्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. त्या दिवशी त्यांना यादव आवडला, मला तर आधीच...

आखाजीच्या दिवशी आईनं त्याला जेवायला बोलावलं. खापरावरची पुरणपोळी, रस. बाहेर निंबाला झोका बांधला होता, मी झोक्यावर. जेवून हात धुता धुता त्यानं सरळ आबांना विचारलं, "आबा, तुमची बेबी मला द्याल का?"

माझा झोका आपोआप थांबला. पण हो म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आला चावटपणा. माझं तोंडच तसं.

बर्फाच्या नदीच्या तोंडाशी, जिथं ती संपते तिथं, एक मोठा दगड होता, हे त्यानंच सांगितलेलं. त्यावर लाल रंगाची खूण केली तेव्हा बर्फ त्याला टेकून होता. आता दरवर्षी दगडापासून बर्फापर्यंत टेप लावायची. मी म्हटलं, "आबा, त्याला सांगा, ज्या वर्षी बर्फ पुढं येऊन त्याच्या दगडाला टेकेल ना, त्या वर्षी मी हो म्हणेन!"

आई हसली, शेजारणी हसल्या, यादवही हसला. आबा हसले नाहीत.

"आज आखाजी शे, बेबी. आजना दिवस सालदार, वरीसभरना गडी, ठरस. कागद नही, सही नही, बठ्ठं शब्दवर. आखाजीना शब्द मोडता येत नही."

मी झोक्यावरून खाली उतरले. पण मी मनाला समजावलं, काय एवढं? हा दिवाळीच्या आधी येईल, म्हणेल टेकला. हिमाचलात जाऊन बघणार कोण?

तो आला. आबांनी विचारलं. आणि हा शहाणा म्हणतो, "मागे गेला, आबा. एकोणीस मीटर."

मी फाटकापर्यंत धावत गेले. "अरे वेड्या, टेकला म्हणायला तुझं काय जात होतं?"

"टेकला नव्हता ना."

"मी दिवसाला दहा लबाड्या बोलते. माझी जीभ झडली का?"

"तुझ्या लबाड्या ऐकायला तर मी साक्रीहून येतो," तो म्हणाला. "पण ती टेप माझ्या हातात असते गं..."

सत्त्याण्णवला आणखी तेवीस मीटर. तेव्हा मी भांडले नाही. नुसती रडले.

अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा तर विचारू नका. टाकी गार होईना, लाद्या खरोखरच पोकळ निघायला लागल्या. रेडिओवर सांगायचे, समुद्र तापलाय. मी कधी समुद्र पाहिला नव्हता, पण त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, जितक्या सवतीलाही कुणी देत नसेल. जुलैत यादवचं पत्र आलं. 'इथं वर बर्फाच्या जागी पाऊस पडतोय. तंबूत बसून ऐकतो. साक्रीच्या पत्र्यावर वाजतो तसाच वाजतो. तू असतीस तर याची काहीतरी मजेदार गोष्ट केली असतीस. मला जमत नाही.'

मलाही जमली नाही.

दिवाळीआधी दोंडाईच्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, माणसं चांगली. आबांनी त्यांना महिनाभर थांबवून ठेवलं, यादव परत येईल म्हणून. शेवटी सुपारी फोडायला रविवार ठरला, आणि त्याच रविवारी, पाहुणे बैठकीवर बसलेले असताना, यादव फाटकात उभा. गालाची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले.

मी चहाचा ट्रे घेऊन तशीच बाहेर गेले. "एकच शब्द. टेकला. आबा तेवढ्याचीच वाट बघताहेत. म्हणशील ना?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला.

बरं म्हणाला हो! मी ट्रे घेऊन पळतच आत गेले.

आत आबांनी सुपारी हातात धरली होती. "यादव... बर्फ कोठे शे?"

यादवचे ओठ हलले. मी त्याच्याबरोबर मनातल्या मनात तो शब्द म्हणत होते. बाहेर मशीनचा धक-धक आवाज.

"आणखी अडतीस मीटर मागे, आबा."

आबांनी डोळे मिटले. मग फार हळू म्हणाले, "थकी गया शेस तू. नीट याद कर. ध्यान चुकनं व्हई."

माझा बाप, ज्यानं शब्दासाठी कधी कुणाला दयामाया दाखवली नाही, तो त्याला दुसऱ्यांदा दार उघडून देत होता. मी ट्रे खाली ठेवला.

"दोनदा मोजलं, आबा," यादव म्हणाला. "दगडापाशी उभं राहिलं तर आता बर्फ दिसतसुद्धा नाही."

पाहुण्यांना काही कळलं नाही. त्यांना वाटलं, कारखान्याचं काही बोलणं चाललंय. आबांनी अडकित्ता उचलला.

मी कुणाला न विचारता फाटकापर्यंत त्याच्यामागे गेले. रागवायचं होतं, त्याची कॉलर धरायची होती. पण जवळून बघितलं तर तो माणूस तिथं वर काहीतरी पुरून आल्यासारखा दिसत होता. माझं दुःख त्याच्या दुःखापुढं उभंच राहीना. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं,

"थांबेल ना रे ते कधी? असंच मागे मागे नाही ना जायचं?"

तो आकड्याशिवाय उत्तर न देणारा माणूस. 

"थांबेल," म्हणाला.

बोलताना त्याचे कान शेंड्यापर्यंत लाल झाले, आणि नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली. इतकी कच्ची लबाडी मी जन्मात ऐकली नव्हती. आतून अडकित्त्याचा कट्ट असा आवाज आला.

"बरं," मी म्हणाले.