बोळातली फरशी

धाकटा भाऊ बांधकामाच्या मचाणावरून पडला आणि त्याच्या कमरेखालचा कारभार कायमचा बंद झाला. बऱ्याच काळाने डॉक्टरांनी मणक्यात तारांची एक पट्टी बसवली, पोटाच्या कातडीखाली बॅटरी. रिमोट दाबला की पाठीतून करंट जायचा आणि पाय चालायला लागायचे. मी लिफ्टचा तपासनीस, म्हणून रिमोट माझ्याकडे आला.

"कुठल्या मजल्यावर सोडतोस, दादा?" तो म्हणाला.

चालतो म्हणणं तसं धाडसाचंच. पाय चालायचे, आणि हा वॉकर धरून त्यांच्यासोबत जायचा. तळव्याला थेरपिस्टबाई सुई टोचायच्या तेव्हा तो छताकडे बघत पंख्यावरच्या धुळीविषयी बोलायचा. अपेक्षाही माफक होती. "जग फिरायचं नाहीये मला. संडासाला एकट्याला जाता आलं तरी खूप झालं."

खोलीपासून संडासापर्यंत एक छोटा बोळ आहे. त्याच्या मध्यावर, कपाटासमोर, पाय अचानक गुडघ्यापर्यंत उचलले जायचे. एक, मग दुसरा, फार जपून. जमिनीवर कुणी झोपलंय आणि त्याची झोपमोड व्हायला नको, अशा बेताने.

"पाय घासतो अशी तक्रार नेहमी येते," बाई म्हणाल्या. "हे उलटंच दिसतंय."

दवाखान्यात असं कधी होत नसे. मी फरशी तपासली. सपाट. खाली वायर नाही, पाइप नाही. त्याला उलट दिशेने चालवलं, डोळे बांधून चालवलं. पाय त्याच जागी उचलले गेले. तिथेच एकदा तोल जाऊन तो पडला. बाईंनी सांगून टाकलं, ही खोड जाईपर्यंत एकट्याने जायचं नाही.

शेवटी एका रविवारी दुपारी बाईंनी करंटचा पाय उचलण्याचा जोर कमी केला. मी रिमोट दाबला.

कपाटासमोर पाय जेमतेम उचलला गेला. खाली आला.

धाकटा थांबला.

"लागलं काहीतरी."

"कुठे?" त्याच्या बायकोने विचारलं.

"तळव्याला. मऊ आहे."

ती भिंतीला टेकून रडायला लागली, आनंदाने. बाईंनी घाईघाईने सुई काढून टोचली.

"आता?"

"सुई नाही कळत. ते कळतंय." तो खाली बघत नव्हता. "कोमट आहे."

मी गुडघ्यावर बसून हात लावला. गार फरशी. मग हात पँटला पुसला. का, ते सांगता येणार नाही.

त्याला पाऊलभर पुढे नेलं. काही नाही. मागे आणलं.

"हां," तो म्हणाला.

दवाखान्यात पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. तळवे मेलेलेच निघाले. संडासाचा विषय त्याने नंतर काढला नाही. त्याची बायको त्याला चाकाच्या खुर्चीवरून नेते, स्वयंपाकघरातून वळसा घालून. बाईंना दुसरे पेशंट फार आहेत. पण रोज दुपारी तो रिमोट मागतो, बोळाच्या मध्यापर्यंत जातो आणि उभा राहतो.

"बास झालं आता," मी म्हटलं.

"बाकी सगळीकडे मला पाय नाहीत, दादा."

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आणि त्याला दुखत नाही का? तू असा वर उभा राहतोस ते?"

त्याने वॉकरवरची पकड सैल केली.

"आधी आकसायचं. हल्ली माझी चाहूल लागली की कुशीवर वळतं आणि मला जागा करून देतं."