वीस लाख अंश

तोरणमाळच्या सौरनियंत्रण केंद्रात सकाळचा एक कार्यक्रम ठरलेला होता. सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाचं तापमान उतरत उतरत कितीवर आलं, ते संचालक केळशीकर मोठ्याने वाचत आणि मग सगळ्यांना जिलबी मिळे. आकडा जितका खाली, तितकी जिलबी जास्त. शहाण्या माणसांना खूश व्हायला फारसं काही लागत नाही.

त्या सकाळी त्यांनी "सहा लाख" असं वाचलं, आणि डॉ. हेमांगी दाभोळेने जिलबी बशीत तशीच ठेवली.

"सर, प्रभामंडळ थंड करणारे शामक उपग्रह मीच बनवले, म्हणून मीच सांगते. आपलं चुकलंय."

"आता काय काढलंस?"

"सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश, आणि त्याच्यावरचं विरळ प्रभामंडळ वीस लाख. असं का? खाली सतत उकळी चालू असते. तिथे रोवलेल्या चुंबकीय रेषांना ती पीळ घालत राहते. पीळ सोसेनासा झाला की रेषा तुटते, इवलीशी ज्वाला उठते. असल्या असंख्य सूक्ष्मज्वालांनी प्रभामंडळ तापतं."

"शामकांनी ते तुटणं थांबवलं, म्हणून तर आपलं तेजोयान सूर्याच्या इतकं जवळ उतरलं ना?"

"तुटणं थांबलं, पिळणं कुठे थांबलंय? कुकरच्या शिट्टीवर बोट ठेवलं म्हणून गॅस बंद होत नाही, सर. थंडावा दिसतोय, पण ऊर्जा साठत चाललीय."

केळशीकरांचा चेहरा पडला. "मग यानाला परत बोलव."

"यानाची ढालही चुंबकीयच आहे. पिळलेल्या रेषा तिच्याभोवती गुरफटल्यात. यान हललं की सगळ्या एकदम तुटतील."

तेजोयानात एकटी यामिनी होती, हेमांगीची धाकटी बहीण. हेमांगीला खरं तर भीती वाटायला हवी होती. तिला काहीच वाटत नव्हतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल आपला वाटेनासा होतो, तसं तिला सगळं अंगच परकं झालं होतं. तिने माइक ओढला. निरोप पोचायला आठ मिनिटं लागत, उत्तर यायला आणखी आठ.

"यामू, ढाल उतरव. एकदम नको, थोडी थोडी. रेषा एकेक करून तुटू देत."

उत्तर आलं.

"म्हणजे तुटेल त्या प्रत्येक रेषेचे घातक किरण माझ्या अंगातून जाणार. कळलं गं ताई. ऊर्जा काही नाहीशी होत नाही, तूच घोकून घेतलंयस. उतरवते. तू आकडे वाचत राहा. बोलण्यात तू कायमची चिक्कू, आज तरी बोल."

हेमांगी वाचू लागली. सात लाख. नऊ लाख. इतके दिवस जो आकडा उतरला म्हणून जिलबी मिळे, तोच चढावा म्हणून सगळे पडद्याकडे बघत उभे होते.

बारा लाखांवर यामिनी म्हणाली, "ओकारी झाली, बाकी मजेत. वाच."

पंधरा लाखांवर नुसता खोकला ऐकू आला. अठरावर काहीच आलं नाही.

"वीस लाख," हेमांगी म्हणाली. "पीळ सुटला, यामू. निघ आता."

सोळा मिनिटांनी पडद्यावरचं यान हललं. हुकूम मिळाला की आपलं आपण निघायचं, हे त्याला शिकवलेलंच होतं. यानाला कुठे ओरखडाही नव्हता. केळशीकरांनी हेमांगीच्या खांद्यावर हात ठेवला, पण तिला तो जाणवला नाही.

ती वाचत राहिली. वीस लाख. वीस लाख. थांब म्हणायला यामिनीच हवी होती.