रेंज गेल्यावर

टोकावड्याच्या रेश्माला दिशा नावाच्या मुलीचा भयंकर राग होता, आणि दिशाला ती कधी भेटलेलीही नव्हती. दर रविवारी दुपारी मोबाइलवर कथालेखनाचा क्लास भरायचा. पुण्याहून सर शिकवायचे, डोंबिवलीहून दिशा यायची. तिच्या मागे पुस्तकांचं कपाट, घरात वायफाय, आणि वाचताना आवाज कुठे अडकायचा नाही. सर म्हणायचे, "वा, दिशा!" त्या 'वा'ने रेश्माच्या पोटात दुखायचं. रेश्मा मुरबाडच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या मागे नुसती हिरवी भिंत, आणि माळशेजवर ढग बसले की रेंज गुल.

सरांनी सांगून ठेवलं होतं, एकाची कथा ते दिवाळी अंकाला पाठवणार. ती जागा रेश्माला हवी होती, कारण घरात तिच्या लिहिण्याला कवडीची किंमत नव्हती. "त्या मोबाइलशी बडबडून पोट नाय भरत गो," असं आई, सकुबाई, येता-जाता सुनावायची. छापून आलेलं एकदा तिच्या हातात ठेवायचं, एवढंच रेश्माच्या मनात होतं.

श्रावणातल्या एका रविवारी तिने आवणीवरची, चिखलात भाताची रोपं लावण्यावरची कथा वाचायला घेतली. तिसऱ्याच वाक्याला रेंज गेली. ती मनातल्या मनात दिशाच्या वायफायला शिव्या देत बसली. चित्र परत आलं तेव्हा सर चष्मा काढून बसले होते.

"रेश्मा, शेवट पुन्हा वाच."

तिने वाचला. बळीराजा, काळी आई, घामाचे मोती, सगळं त्यात होतं.

"हा नाही," सर गोंधळले. "मघाचा."

संध्याकाळी क्लासचं रेकॉर्डिंग ग्रुपवर आलं. तिसऱ्या वाक्याला तिचा चेहरा गोठला होता, तोंड अर्धवट उघडं. आवाज मात्र पुढे चालूच होता. तिचाच आवाज, फक्त घाई नसलेला. 'आई आवणीला जाताना माझ्या गोधडीची घडी घालते,' तो वाचत होता, 'मी आत असले तरी.'

हे तिने लिहिलं नव्हतं. भीती वाटायला हवी होती, आणि थोडी वाटलीही. पण त्याआधी मनात आलं ते वेगळंच: हे मला का नाही सुचलं?

तेवढ्यात दिशाचा मेसेज आला. 'कुठून आणतेस गं अशी वाक्यं?' जिचा हेवा करण्यात अर्धा पावसाळा गेला, तीच आता हिचा हेवा करत होती. रेश्माने लिहून टाकलं, 'सुचतात.'

पुढचे रविवार तसेच गेले. ती वाचायला लागली की रेंज जायची, आणि परत आली की कौतुक वाट बघत असायचं. शेवटी सरांनी तिचीच कथा निवडली. येत्या रविवारी सगळी वाचून दाखव, म्हणाले. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं दुसऱ्या कुणाला वाटलं असतं. रेश्माचा जळफळाट झाला. निवडलं होतं ते रेंज गेल्यावर वाचणाऱ्या दुसरीला. ती जी कोण होती तिला. दिशाला निदान नावाने शिव्या तरी देता येत होत्या.

मग तिने ठरवलं, हिला फटच ठेवायची नाही. हमरस्त्यावरच्या ढाब्याशी रेंज भरपूर. रविवारी ती मोबाइल घेऊन तिथल्या बाकावर बसली आणि क्लासला जोडली गेली. चित्र इतकं स्वच्छ, की दिशाच्या कपाटातल्या पुस्तकांची नावंसुद्धा वाचता येत होती.

पडद्यावर रेश्माच्या नावाच्या दोन चौकटी होत्या.

दुसरीत घरची हिरवी भिंत होती. भिंतीपुढे रेश्मा होती, गोठलेली, तोंड अर्धवट उघडं.

"रेश्मा, दोन मोबाइलवरून का आलीस?" सर म्हणाले. "आवाज घुमतोय. एक बंद करतो."

"सर, मी इथे..."

त्यांनी ढाब्यावरची बंद केली.

ती धावत सुटली. घरात दुसरा मोबाइल नव्हताच. ओढा ओलांडून, बांधावरून, धापा टाकत ती ओटीवर पोचली.

आई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवरच्या सुपात तांदूळ तसेच पडलेले. दुपारची कधी बूड न टेकणारी बाई. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून वाचण्याचा आवाज येत होता.

"आये, आत कोण हाय?"

आईने मान वर केली नाही. ओठांवर बोट ठेवलं.

"गप ऱ्हा जरा. रेश्मा वाचते. आयकू दे."

रेश्माने दाराकडे हात नेला.

तेवढ्यात आतलं वाक्य पूर्ण झालं. चांगलं होतं, मेलं.

हात खाली आला. पुढे काय ते ऐकायला ती तिथेच, आवाज न करता, खाली बसली. आईने तिच्याकडे न बघताच थोडं सरकून जागा दिली, आल्यागेल्या बाईला देतात तशी.