रुळावरचा पंजा

नखाला बारीक चीर गेली की आपण काय करतो? मुलांना मी आधी हेच विचारतो. आज कुणी म्हणालं कापतो, कुणी म्हणालं दातांनी तोडतो. शेजारची मेलनी म्हणाली, "घासतो, अंकल. नाहीतर ती आत जाते."

शाब्बास. रुळाचंही तसंच. चाकं जाऊन जाऊन त्याच्या माथ्यावर केसाएवढ्या चिरा पडतात. त्या खोल जाण्याआधी एक गाडी येते. तिच्या पोटाखाली गरगर फिरणारे दगड असतात, प्रत्येक वेगळ्या कोनात लावलेला. ठिणग्यांनी गवत पेटू नये म्हणून कडेला पाणी मारतात. प्रत्येक फेरीत रुळाचा कागदाएवढा पापुद्रा निघतो. रूळ तोच राहतो, आजार जातो.

कांजूरमार्ग ते मुलुंड या पट्ट्यात मी तीस वर्षं रुळांची देखरेख केली. आता रविवारी माझ्या ओट्यावर मुलं जमतात. त्यांना मी इथपर्यंतच सांगतो.

शिवदास माझ्या हाताखालचा चावीवाला. रोज सकाळी हातोडा घेऊन चालायचं, रूळ जागेवर धरणाऱ्या लोखंडी चाव्या सैल असतील तर ठोकायच्या. त्याच्या उजव्या हाताला तर्जनी नव्हती, लहानपणी उसाच्या चरकात गेली होती. कांजूरमार्गच्या पुढे नाल्याजवळ एक खांब आहे. तिथून त्याची चाल सुरू व्हायची. आधी तो वाकून रुळावर पंजा टेकवायचा. "ताप बघतो, साहेब," म्हणायचा.

एका जानेवारीत त्याच जागी रुळाच्या माथ्यावर गंजाचा डाग दिसला. चार बोटांचा पंजा. दर तीन-चार मिनिटांनी गाडी जाते तिथे माथ्यावर गंज टिकत नाही. हा टिकला.

"बघा साहेब, रेल्वेने माझा अंगठा घेतला," शिवदास हसला. "आता पेन्शन पक्की."

टिकून राहणारा दोष असेल तर तो तुकडा कापून नवा घालायचा, हे मीच पोरांना शिकवायचो. पण त्यासाठी कारण लिहावं लागतं. पंजा असं काय लिहिणार? त्या रविवारी मेगाब्लॉकमध्ये घासायची गाडी येणारच होती. म्हटलं, निघून जाईल.

तीन फेऱ्या ठरल्या होत्या. पहिल्या फेरीनंतर मी माप घेतलं. लोखंड उतरलं होतं. डाग तसाच. शिवदास पँटला तळहात पुसत होता.

"चुरचुरतंय हो."

"ठिणगी लागली असेल. पाण्यात धर."

दुसऱ्या फेरीनंतर डाग फिका झाला. शिवदासने हात बादलीत घातला होता, तो काढेना. तिसऱ्या फेरीनंतर डागातली फक्त बोटांची टोकं उरली.

"पुरे ना, साहेब. राहू दे तेवढं."

"काय होतंय तुला?"

"हात नाय दुखत. आत कुठेतरी लागतंय."

मी घड्याळ पाहिलं. ब्लॉक संपायला वीस मिनिटं होती. गाडीवाल्याला बोट दाखवलं, अजून एक.

चौथ्या फेरीनंतर रूळ आरशासारखा निघाला. मी त्या जागी हात टेकवला. अजून गरम होता. वळून हाक मारली. शिवदास खडीवर बसला होता, खांबाला टेकून. हात बादलीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. इस्पितळात त्याची बायको चंपा त्याचा उजवा हात हातात घेऊन बसली होती. तिने तो माझ्यापुढे उलटा केला.

"साहेब, हा ह्यांचा हात नाही."

हातोड्याने पडलेले घट्टे नव्हते. आणि तळव्यावर एकही रेघ नव्हती.

चौथी फेरी मी वाढवली, हे तिला सांगितलं नाही. चार वर्षं झाली, अजूनही नाही.

आज मेलनी निळा रंग घेऊन आली होती. शाळेने शेजाऱ्यांच्या पंजांचे ठसे मागितले होते. "दोन द्या, अंकल. एक शाळेला, एक मला."

पहिला ठसा छान उमटला.

"करंगळी किती वाकडी!"

"क्रिकेट," मी म्हणालो.

तेवढ्यात फोन वाजला. नितेश. माझ्या जागेवर आता तो आहे.

"पॉल अंकल, नाल्याजवळच्या खांबापाशी काय दिसलं तर कळव म्हणाला होतात ना? फोटो पाठवलाय."

फोटो उघडला. रुळाच्या माथ्यावर गंजाचा पंजा. पाच बोटं. करंगळी बाहेर वाकलेली.

"नितेश, घासू नका. तुकडा बदला. मी लिहून देतो."

पलीकडे दगडांचा आवाज होता.

"काय? ऐकू नाय येत. टेन्शन नका घेऊ, जातोय डाग. तिसरी चालू आहे."

"थांबव! नितेश!"

फोन कटला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

"अंकल, दुसरा राहिला ना," मेलनी म्हणाली. तिने माझ्या तळहाताला रंग लावला. रंग थंड असायला हवा होता.

मी कागदावर हात दाबला.

तिने दोन्ही ठसे शेजारी धरले आणि कपाळाला आठी घातली.

"नीट दाबा ना, अंकल. पहिल्यात रेघा आल्यात. ह्यात नुसताच निळा."