हाक दिल्यावर गप्प राहायचं

ताईकडे राहिलेला तिथला स्पीकर परत द्यायला मी संग्रहालयात गेलो होतो, बाकी काही काम नव्हतं.

सुरभीताई तिथं पक्ष्यांचं काम करायची. मेलेले पक्षी आत कापूस भरून खणांत जपायचे, जिवंत पक्ष्यांचे आवाज टिपायचे, आणि गावोगावी बायांना सांगायचं की पिंगळा ओरडला म्हणून घरात कोणी मरत नाही, त्याला दगड मारू नका. भादव्यात ती डेंग्यूनं गेली. तिचा फोन आम्हाला कोणालाच उघडता आला नाही. घरात तिचे फोटो होते, आवाज नव्हता. तिथं गेल्यावर तो एकदा तरी ऐकावासा वाटला.

मी तसं म्हणताच तिथल्या मुख्य, इला मॅडम, कॉम्प्युटरपाशी गेल्या. आधी खरखर आली, मग ताई.

"सुरभी... सेलूजवळची आमराई. संध्याकाळ. वारा नाही."

टिपलेल्या प्रत्येक आवाजाआधी नाव-गाव सांगायची त्यांची पद्धत. पुढे पिंगळ्याची चिरचिर. खोलीत डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. उघड्या खणात पाखरं उताणी झोपलेली, डोळ्यांच्या जागी कापूस. मॅडमनी ते रेकॉर्डिंग माझ्या फोनवर टाकून दिलं.

स्पीकर कशाला लागतो, मी विचारलं. त्या म्हणाल्या, पिंगळा आहे की नाही हे पाहायचं तर त्याचाच आवाज वाजवायचा आणि गप्प राहायचं. आपल्या जागेवर दुसरा आला असं त्याला वाटतं. मग तो उत्तर देतो, जवळ येतो.

"पण एकदाच, आदेश. पुन्हा पुन्हा वाजवलं तर त्याचा जीव थाऱ्यावर राहत नाही. खाणं सोडून शोधत फिरतो."

मी स्पीकर दिलाच नाही. तसाच गाडीला किक मारली आणि ती आमराई गाठली. माझी शाळा सातवीतच सुटली, पण पाखरू उत्तर देतं तर माझी बहीण काऊन नाही देणार, एवढंच डोक्यात होतं.

दिवस मावळला होता. ताईचा आवाज वाजवला, गप्प राहिलो. पाचोळासुद्धा हलला नाही. पुन्हा वाजवला. मग वाजवतच राहिलो. मध्येच ओरडलो, "ताई, मी आदेश आहो!"

पलीकडच्या झाडांतून, अगदी हळू...

"सुरभी..."

स्पीकर माझ्या हातात बंद होता.

"सुरभी..." आता जवळून. आवाज तिचाच, पण रागावली की व्हायचा तसा धारदार. "नालवाडी... आमचं घर."

गाडी घरापर्यंत कशी आणली, आठवत नाही. आई अंगणात जमिनीवर बसली होती. आत यायला तयार नव्हती.

"सुरभी आलती," ती म्हणाली. "साऱ्या खोल्या धुंडून राह्यली. मले म्हणे, माय, माझ्या जागी कोणाले आणून ठेवलं? मी म्हटलं, कोणी नाई व बाई... तिले पटूनच नाई राह्यलं."

मी तिथंच रेकॉर्डिंग पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी स्पीकर देऊन आलो. तरी रोज संध्याकाळी मागच्या खोलीतून ताईचं नाव-गाव ऐकू यायचं, आणि मग शांतता. उत्तराची वाट पाहणारी शांतता. आम्ही मायलेक भांडी आदळायचो, टीव्ही मोठा करायचो, पण ओ द्यायचो नाही.

काल तिचा आवाज आला नाही.

मी आईच्या शेजारी जेवायला बसलो होतो. मागच्या खोलीतून माझाच आवाज आला. "ताई, मी आदेश आहो..."

मग गप्प.

आईनं झटकन माझ्या तोंडावर हात दाबला. ओ द्यायची नाही, हे मलाही कळतं. पण तेव्हापासून घास खाली उतरत नाही, बसवत नाही, झोपवत नाही. त्या खोलीत माझ्या जागी कोण आहे, तेवढं बघून येतो...

म्हणूनच तुम्हाला शेजारून बोलावून घेतलं. तुम्ही आईजवळ बसा. मी हाक मारली तरी तिला उठू देऊ नका.