तीन पट्ट्या खाली

लिफ्ट बंद होती. चिमणीनं लिफ्टच्या दाराकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं, आणि मग चाकांच्या लांब बॅगेत उभ्या असलेल्या आपल्या पियानोकडे पाहिलं. बॅग तिच्या कानाला लागत होती. नाचाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, आणि वेळ होत आलेली.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. एवढीशी अंगकाठी आणि तिच्यापुढे एवढं थोरलं वाद्य हे पाहून नाच शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी तिला चिमणी म्हटलं, आणि ते तिला चिकटलं ते चिकटलंच.

तिनं पट्टा खांद्यावर ओढला आणि एकेक पायरी चढायला लागली. वरून कुणीतरी भराभर उतरत होतं. ते वळणावर थांबलं.

“एक टोक धरू?”

“नको.”

“जड दिसतंय.”

“जड आहेच,” ती म्हणाली. “पण माझं आहे.”

तो तिशीच्या अलीकडचा असावा. गळ्याभोवती मफलर, खरं तर थंडी फारशी नसताना. त्यानं क्षणभर विचार केला. “बरं... मग दारं तरी उघडतो. दारं तुमची नाहीत ना?”

हसू दाबायला तिला खालचा ओठ चावावा लागला. प्रत्येक मजल्यावर आपोआप मिटणारं जड दार होतं, तेव्हा नको म्हणायची सोय नव्हती. तो पुढं होऊन पाठीनं दार रेटून उभा राहायचा, ती धापा टाकत आत यायची, तो पुन्हा पुढं. तिसऱ्या मजल्यावर त्यानं विचारलं, आत काय आहे. पियानो, ती म्हणाली.

“खरा?”

इथं तो चुकला. हा प्रश्न तिला सगळे विचारायचे – हॉटेलात, लग्नाच्या हॉलमध्ये, अगदी आत्यासुद्धा. मग चिमणी तिथंच, घाम पुसायचीही न थांबता, त्याला ऐकवत राहिली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत, एकही कमी नाही. पट्टी दाबली की आत हातोडी उठते. हळू दाबाल तर हा कुजबुजतो, जोरात दाबाल तर हॉल भरून टाकतो. वायर लावल्याशिवाय मुका असतो हे खरं, पण मोठा पियानो कधी कुणी पाठीवर घेऊन तीन मजले चढलंय का? वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या नाचाला साथ करून करून तिनं तो घेतला होता. कुणी भेट दिलेला नव्हता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “माझा प्रश्नच चुकला.”

असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती गडबडली, आणि तेव्हा कुठं त्याचा आवाज तिच्या कानात शिरला. खोल, किंचित खरखरीत, नुकताच झोपेतून उठल्यासारखा. तुम्ही गात का नाही, असं ती बोलून गेली.

“गात होतो,” तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

वर्ग संपल्यावर बाईंनी सांगितलं तो कोण ते. ओळखीचे त्याला गवईच म्हणत. एका मोठ्या वाद्यवृंदात गायचा, आणि एक गाणं तर त्याचंच म्हणून लोक मागून मागून ऐकायचे. मग घशावर शस्त्रक्रिया झाली. आवाज गेला नाही, पण पहिल्यासारखा राहिला नाही. आता शाळेत मुलांना गाणं शिकवतो. आणि याच इमारतीतल्या सभागृहात महिन्याभरानं कार्यक्रम आहे, त्यात त्यानं तेच गाणं गावं असा जुन्या मंडळींचा आग्रह आहे.

पुढच्या वेळी तो वर्गाबाहेरच उभा होता. सरावाला साथ कराल का, म्हणून विचारायला आला होता.

मग दुपारच्या त्या रिकाम्या खोलीत दोघांचा सराव सुरू झाला. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, खिडकीवर पावसाची बारीक भुरभुर. पायाखालचं पेडल त्या गुळगुळीत जमिनीवर सारखं पुढं सरकायचं. एकदा ते शोधत तिचा पाय पार पियानोखाली गेला, तर त्यानं मुकाट्यानं आपली चप्पल काढून पेडलला अडण लावली आणि एक पाय अनवाणी ठेवून अख्खा सराव केला. ती आरशात त्याच्याकडे बघायची. तोही आरशातच बघायचा. दोघांनाही वाटायचं, समोरच्याला कळत नाहीये...

“घरी कसं वाजवता?” त्यानं एकदा विचारलं. तोवर ‘तुम्ही’च चाललं होतं.

“कानांवर हेडफोन लावून. मला पियानो ऐकू येतो, आईला नुसती टकटक.”

“बिचारी.”

“बिचारी कसली? टकटकीवरून ओळखते, माझा मूड कसा आहे ते.”

“मग आज कशी होईल टकटक?”

“...आज आईला विचारून सांगते,” ती म्हणाली, आणि उगाचच आवाजाचं बटण कमी-जास्त करत बसली.

गाणं मात्र जमत नव्हतं. सुरुवात सुरेख व्हायची, पण शेवटाकडे एक उंच जागा होती, तिथं पोचता पोचता आवाज फाटायचा. तो खोकायचा, हसून न्यायचा, म्हणायचा, उद्या. एके दिवशी तो हसला नाही. मफलर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, नाही म्हणून कळवून टाकतो, तुमचाही वेळ जातोय.

दुसऱ्या दिवशी तो शेवटचा एकदा म्हणून आला, आणि तो खिडकी लावत असताना चिमणीनं पियानोवरचं एक बटण दाबलं. त्या बटणानं सगळा पियानो एक पट्टी खाली उतरतो. बोटं नेहमीच्याच जागी, सूर मात्र खालचे. गवई गायला. ती उंच जागा निसटली, पण थोडक्यात. तो चमकला, आणि कळवायचं राहून गेलं. पुढं दोन-चार दिवसांनी तिनं आणखी एक पट्टी उतरवली, मग आणखी एक. आणि एका दुपारी तो गाणं शेवटपर्यंत गायला... सलग, भरून, कुठंही न अडखळता.

गाणं संपल्यावर तो खोलीभर फिरला, खिडकी उघडली, पावसात हात धरला. “आला गं परत,” तो म्हणाला. पहिल्यांदाच अगं-तुगं केलं होतं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं. तिथंच उभं राहून त्यानं आईला फोन लावला.

चिमणीला तेव्हाच सांगायचं होतं. पण त्याचा तो चेहरा... तिला सांगवलं नाही. त्या क्षणी आपण याला जीव लावून बसलोय हेही तिला कळलं, आणि आपण याला फसवतोय हेही.

आठवड्यानं सरावाला गिटारवाले दादा आले. त्या जुन्या वाद्यवृंदातलेच, हे गाणं त्यांच्या बोटांत मुरलेलं. त्यांनी तारा जुळवल्या, सुरुवात केली, आणि पहिल्याच ओळीला असा काही बेसूर गोंधळ झाला की दादा थांबले. पुन्हा तारा तपासल्या. म्हणाले, गाणं पांढरी तीन पट्टीचं, मी तिथंच आहे. तुम्ही कुठं आहात?

गवई पियानोजवळ आला. छोट्या पडद्यावर आकडा होता – उणे तीन.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

तिनं सांगितलं.

“मी आईला फोन केला होता,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. “ती रडली गं फोनवर. आता तिला काय सांगू?”

तो गेला. दादा खाली मान घालून गिटारची पिशवी बंद करत राहिले.

घरी आल्यावर चिमणीला आधी पियानोचाच राग आला. मग लाज वाटली. बटणाचा काय दोष? बटण तिनं दाबलं होतं. तिनं पडद्यावरचा आकडा शून्यावर आणला आणि तेच गाणं तीन पट्ट्या खाली, आपल्या बोटांनी वाजवायला घेतलं. पांढरी तीनवरून काळी एकवर – जिथं बोटं मोकळी फिरायची तिथं आता काळ्या पट्ट्यांची गर्दी. हात नव्यानं बसवावा लागला. रोज सकाळ-संध्याकाळ ती अडखळायची, परत मागं यायची, परत सुरू करायची.

आई भाजी निवडता निवडता ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, कुणासाठी चाललंय हे. चिमणीनं हेडफोन काढून सगळं सांगितलं, काही न लपवता.

“मग त्याला जाऊन सांग,” आई म्हणाली. “मला टकटक ऐकवून काय उपयोग?”

ती शाळेत गेली. मधली सुट्टी होती. तो संगीताच्या खोलीत एकटाच बाकं सरळ करत होता. त्यानं ‘बस’ म्हणायची वाट तिनं पाहिली नाही.

“माझं चुकलं. पट्टी उतरवली ते नाही, न सांगता उतरवली ते.”

“दया आली?”

“दया आली असती तर ‘छान गाता’ म्हणून घरी गेले असते.” ती एक पाऊल पुढं आली. “मला तुझा खालचा आवाज ऐकायचा होता. पहिल्या दिवशी जिन्यात ऐकला तो. वरचा आवाज तुझ्याकडे आता नाही, मान्य. पण हा आधी होता का तुझ्याकडे? हा नवीन आहे, आणि तू त्याला हिशेबातच धरत नाहीस.”

घंटा झाली. मुलं येतील, एवढंच तो म्हणाला, आणि ती परत आली.

कार्यक्रमाच्या दिवशी तिला साथ करायची होती ती नाचाला; गवई गाणार की नाही ते तिला ठाऊक नव्हतं. पियानो रंगमंचाच्या कडेला मांडून, पेडलखाली चिकटपट्टी मारून ती वायरी तपासत होती. गाण्याची वेळ आली तेव्हा पडद्याआडून गवई आला. मागून दादा.

“काळी एक,” तो म्हणाला.

“हातानं, बटणानं नाही,” ती म्हणाली. “तू आलास तर म्हणून दादांनाही कालच विचारून ठेवलंय, ते तयार आहेत.”

त्यानं पियानोच्या छोट्या पडद्यावरचं शून्य पाहिलं. मग तिची बोटं पाहिली. मफलर सोडला, तो कुठं ठेवावा कळेना म्हणून तिच्या बाकावर ठेवला, आणि माइकपाशी जाऊन उभा राहिला.

त्यानं लोकांना सरळ सांगून टाकलं. हे गाणं तुम्ही ज्या पट्टीत ऐकलंय, तिथं माझा आवाज आता पोचत नाही. आज मी ते माझ्या आजच्या आवाजात गाणार आहे. आणि ते त्या आवाजात बसवलं, ते पियानोपाशी बसलीय तिनं.

चिमणीची मान आपोआप ताठ झाली. तिनं सुरुवात केली. काळ्या पट्ट्यांवरून बोटं न चुकता गेली, आणि त्यांच्यावर तो आवाज येऊन टेकला – खोल, संथ, मायेचा. गाणं तेच होतं, पण पूर्वी ते लोकांना दिपवायचं, आज जवळ घेत होतं. ती उंच जागा आली तेव्हा तिनं श्वास रोखला. त्यानं रोखला नाही. तो अलगद वर गेला, तिथं हवा तेवढा थांबला, आणि खाली आला.

टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. पहिल्या रांगेत पांढऱ्या केसांची एक बाई शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरून सांगत होती, माझा मुलगा, माझा मुलगा. तीन रांगा मागं चिमणीची आई टाळ्या वाजवायची सोडून, पियानोकडे बोट करून कुणाला तरी काहीतरी सांगत होती.

गवई पियानोपाशी आला. मफलर घ्यायला वाकला.

“मला तू आवडतेस,” तो हळूच म्हणाला. “खूप. आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर...”

तेवढ्यात नाचाच्या मुली धावत रंगमंचावर आल्या, बाईंनी पडद्याआडून हात वर केला, आणि चिमणीला वाजवायला लागावंच लागलं. अख्खा नाच ती वाजवत होती आणि तो पडद्याआड हलायचं नाव घेत नव्हता. लय जरा पुढं पळत होती. बाईंनी दोनदा डोळे वटारले, तरी पळतच होती.

नाच संपला. दिवे मंद झाले. ती उठून त्याच्यापाशी गेली.

“मलाही,” ती म्हणाली. “पण यापुढं गाणं कुठल्या पट्टीत, ते दोघांनी मिळून ठरवायचं. न सांगता काही नाही.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचंही मिळूनच.”

बाजूच्या पायऱ्यांवरून त्याची आई सावकाश वर येत होती. तो पुढं व्हायच्या आत चिमणी दोन पायऱ्या उतरली आणि तिनं आपला हात पुढं केला.