पिवळ्या गाठ्या

त्या दुपारी हिंगोलीच्या एस.टी. स्टँडवर अवचित पाऊस आला. होळी अजून दूर होती, मोंढ्याच्या बाजारात हळदीचे ढीग उघड्यावर पडले होते, आणि आभाळ असं फुटलं की माणसं मिळेल त्या आडोशाला पळाली. मंजुळाही पळाली. डोक्यावर साखरेच्या गाठ्यांची टोपली, होळीला लेकरांच्या गळ्यात घालायच्या त्या गुलाबी माळांची. शेडखाली शिरताना तिचा पाय घसरला, आणि भिजलेल्या माळा समोरच्या तरुणाच्या पांढऱ्या बाहीवर जाऊन आदळल्या.

"अगं बाई... सदरा खराब झाला की तुमचा."

"साखरच आहे," तो बाही झटकत म्हणाला. "फार तर मुंग्या लागतील."

"लागल्या तर माझ्याकडं पाठवा. मंगळवारा गल्लीत मंजुळा गाठ्यावालीचं घर इचारा म्हणावं."

तो हसला. पावसाचे थेंब त्याच्या भुवईवर अडकले होते.

"अन् तुमचं नाव?"

"जे. आर..."

"जे म्हंजे?"

"जळबा," तो हळूच म्हणाला.

"चांगलं नाव हाय. त्याचं जे काहून करून राहिले?"

त्याचे कान लाल झाले. तेवढ्यात परभणीची गाडी लागली. पायरीवर चढताना त्याने एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे... काही बोलायचं होतं त्याला. पण गाडी सुटली. संध्याकाळी चुलीवर पाक ढवळताना मंजुळाला ते लाल कान आठवत राहिले, आणि पाक जरा जास्तच घट्ट झाला.

पुढच्या आठवड्यात तो खरंच दारात आला. अंगात तोच सदरा. मंजुळाने ओल्या हातानेच केस सावरले.

"मुंग्या लागल्या व्हय?"

तो हसला नाही. "रंग जाईना, मंजुळाबाई. साबण झाला, सोडा झाला, उकळतं पाणी झालं. खायचा रंग असा कापडाला धरून बसत नाही. हा कापडं रंगवायचा रंग आहे." मग जरा थांबून म्हणाला, "मी परभणीला फूड इन्स्पेक्टर आहे."

आतून तिची आई, पारुबाई, झारा हातात घेऊन बाहेर आली. हा शब्द तिच्या ओळखीचा होता. गेल्या उन्हाळ्यात गल्लीतल्या एका सरबतवाल्याचं सॅम्पल नापास झालं होतं, आणि तो अजून कोर्टाच्या पायऱ्या चढत होता.

"साहेब, बाजारात मिळतो तोच रंग घेतला आमी," पारुबाई म्हणाली. "पुडीवर काय लिव्हलं असतंय का?"

"मान्यतेचा रंग सीलबंद डब्यात येतो, मावशी."

"अन् कुठं मिळतो तो? हिंगोलीत दाखवा एक दुकान. कारखानेवाले मुंबईहून पेट्याच्या पेट्या मागवून राहिले. आमी दोघी मायलेकी, एका चुलीवर. त्यायला अन् आमाला एकच कायदा?"

जळबाने मान डोलावली. "तुमचं बराबर आहे," तो म्हणाला. "पण हा रंग लेकराच्या पोटात जातो. रोज थोडा थोडा गेला तर काळजाला, गुर्द्याला धरतो. लेकरू कारखान्याची गाठी खातंय की तुमची, ते पोटाला कसं कळावं?"

कोपऱ्यात मंजुळाच्या बहिणीची पोर गाठी चोखत बसली होती. तिची जीभ गुलाबी, हनुवटी गुलाबी. मंजुळाने तिच्या हातातली माळ काढून घेतली.

"मंग न्या सॅम्पल," ती म्हणाली.

त्याने परातींतल्या माळांकडे पाहिलं. "हा माल... विकायला ठेवलाय का?"

प्रश्न कायद्याचा होता, विकायला नसलेल्या मालाचं सॅम्पल घेता येत नसतं, पण त्याचे डोळे विनवत होते. मंजुळाला ते कळलं. तिने पाण्याची घागर उचलली आणि सगळ्या परातींवर ओतली. होळीचा अर्धा माल गुलाबी ओघळ होऊन मोरीतून वाहून गेला. पारुबाई भिंतीला टेकून खाली बसली.

"न्हाई," मंजुळा म्हणाली. "विकायला न्हाई."

त्याने ती गुलाबी बाही कोपरापर्यंत दुमडून घेतली.

त्यानंतर तिने रंगासाठी हळद घालून पाहिली. मोंढ्यातल्या पुडीवर आता विश्वास नव्हता. ओळखीच्या शेतकऱ्याकडून न रंगवलेली हळकुंडं आणली, घरी कुटली, वस्त्रगाळ केली. पहिला घाणा कडू झाला, दुसरा करपला. मग कधीतरी साच्यातून उन्हाच्या रंगाच्या गाठ्या निघाल्या. पारुबाईने एक तोंडात टाकली आणि दुसरी उचलली.

होळीच्या बाजारात जळबा आला तो साहेब होऊनच. गाठ्या विकत घेतल्या, पावती केली, साक्षीदार उभा केला, माल तीन बरण्यांत भरून लाखेने सील केला. गर्दी जमली. तिने खाली मान घालून सही केली.

"नियमाने घ्यावंच लागतं," तो पुटपुटला.

"मी कुठं अडवलं?" ती म्हणाली.

साहेबाने माल नेला, ही बातमी बाजारभर झाली. बाया लेकरांना तिच्या टोपलीपासून ओढून नेऊ लागल्या. होळी गेली, पाडवा गेला. औरंगाबादच्या प्रयोगशाळेतून काहीच कळेना, आणि जळबाही फिरकला नाही. हळकुंडातच काही निघालं तर? तुरुंगात आई कशी राहील? आणि तो... तो का येत नाही? रागाने तिचे डोळे भरून यायचे, आणि तो राग नुसत्या सॅम्पलचा नाही हे तिला ठाऊक होतं.

चैत्र सरता सरता, ऊन कलल्यावर तो आला. धावत आल्यासारखा.

"पास," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "माल शुद्ध आहे. काही दोष नाही."

पारुबाईने पदर तोंडाला लावला आणि रडता रडता हसली. मंजुळाने दाराची चौकट धरली.

"चहा टाकते," म्हणत पारुबाई आत गेली.

"इतके दिवस कुठं होता?" मंजुळाने विचारलं. "एकदा येऊन धीर द्यायचा तर..."

"निकाल लागायच्या आधी आलो असतो तर लोक म्हणाले असते, साहेबानं पास करून दिलं. तुमच्या मेहनतीवर डाग आला असता." तो जरा घुटमळला. "अजून एक... हिंगोलीचं काम मी सोडलं. वरच्यांना सांगून दुसरा तालुका मागून घेतला. पुढच्या होळीला तुमचं सॅम्पल दुसरा साहेब घेईल."

तिचा चेहरा उतरला. "काहून?"

त्याने चपलेने मातीत रेघ ओढली. शहरातली भाषा गळून पडली, आणि गावची वर आली.

"घरच्या माणसाचं सॅम्पल... आपल्याच हातानं घेता येत न्हाई."

आत चहा उकळत होता. मंजुळाला हसू फुटलं, आणि डोळेही वाहायला लागले, दोन्ही एकदमच.

"मी घरची झाले कवा? मला तर कुणी इचारलं न्हाई."

"इचारून राहिलो की..."

"असं रेघा ओढत?"

त्याने मान वर केली. "मंजुळा, करशील लगीन माझ्याशी?"

तिने पदराने डोळे पुसले, आणि आत तोंड करून आईला हाक मारली, "आई, चहा घेऊन बाहेर ये. ह्यायला काहीतरी बोलायचं हाय तुझ्याशी."

मग वळून, अगदी हळू आवाजात त्याला म्हणाली, "ती नको म्हणाली तरी जाऊ नका. मी हाय."